उन्हाळ्यातील डोंगरवाटा : खानापूर-जांबोटीपासून गोकाक-सौंदत्तीपर्यंत चालणाऱ्यांनी घ्यावयाची काळजी

मार्चच्या मध्यापासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत बेळगाव परिसरातील डोंगरांकडे फिरकूच नये, असे सांगणे सोपे आहे. परंतु मे महिन्याच्या सुटीत पुण्या-बंगळूरहून गावी आलेली तरुण मंडळी, शाळांची शिबिरे, देवदर्शनासाठी डोंगर चढणारे भाविक आणि रविवारी पहाटे राजहंसगडाच्या वाटेला लागणारे शहरवासी यांपैकी कोणीही हा सल्ला मानत नाही, आणि नीट आखणी केली तर तो मानण्याची गरजही नाही. अडचण वेगळीच आहे. बहुतेक जण आदल्या रात्री मोबाईलवर दुसऱ्या दिवसाचे कमाल तापमान पाहतात, ‘सदतीसच तर आहे’ असे म्हणतात आणि निर्धास्तपणे झोपतात. डोंगरात चालणाऱ्याला मात्र तो आकडा क्वचितच नडतो. त्याला नडतो तो पायाखालचा कातळ, हवेतील दमटपणा, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे दिवसातील कोणत्या प्रहरी चढ वाट्याला येतो ही गोष्ट.

तापमानाचा आकडा आणि प्रत्यक्ष डोंगर

हवामान खाते जे तापमान जाहीर करते, ते जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपा असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, म्हणजेच पूर्ण सावलीत मोजलेले हवेचे तापमान असते. आपण चालतो ते उन्हात. खानापूर तालुक्यातील जांभ्याचे सडे (उघडी कातळ-पठारे), येळ्ळूर-काकती भागातील काळा खडक किंवा गोकाक-सौंदत्तीकडचे वालुकाश्माचे कडे हे सर्व सकाळी दहापासून ऊन शोषून घेतात, आणि एप्रिल-मेच्या दुपारी उघड्या खडकाचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकतो. अशा खडकावर हात टेकून चढणे किंवा टेकून बसणे म्हणजे कातडी भाजून घेणे होय. शिवाय तोच खडक खालून उष्णता फेकत असल्यामुळे अंगाला वरून आणि खालून अशी दुहेरी झळ लागते.

सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांपर्यंत पोहोचलेले असावे आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे, म्हणजे हवामान खाते त्या स्थितीला उष्णतेची लाट म्हणते. डोंगराळ भागासाठी हीच मर्यादा ३० अंशांची आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांची आहे. लाट जाहीर झाली असेल तर चढाई रद्द करावी, यात दुमत नाही. मात्र लाट जाहीर झालेली नाही म्हणून वाट सुरक्षित आहे, असा उलटा अर्थ काढू नये. पाठीवर ओझे घेऊन चढ चढणाऱ्या माणसाचे शरीर स्वतःच इतकी उष्णता निर्माण करते, की ३३-३४ अंशांच्या दमट हवेतही धडधाकट तरुणाला उष्माघात होऊ शकतो.

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि एप्रिलमध्येही इथली पहाट अंगावर पातळ चादर ओढावी इतपत गार असते. हा गारवा फसवा आहे. सहा वाजता निघताना तहान नसते, म्हणून पाणी कमी घेतले जाते. साडेसात-आठपर्यंत नाश्ता रेंगाळतो. प्रत्यक्ष चढ नऊला सुरू होतो आणि परतीचा रस्ता भर दुपारी तुडवावा लागतो. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी साडेबाराच्या सुमारास, तर हवा सर्वाधिक तापते ती दोन ते चारच्या दरम्यान. म्हणजे ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल’ ही समजूत निदान तीन तासांनी चुकते. आणखी एक बाब नकाशात दिसत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात बेळगावात दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत गडाचा उंच तटही हातभर सावली देत नाही, आणि ‘वर बुरुजाच्या आडोशाला बसू’ हा बेत फोल ठरतो. सावली हवी असेल तर छप्पर, गुहा किंवा पानांनी भरलेले झाड हवे; आणि सड्यांवरची बरीच झाडे तर त्या वेळी निष्पर्ण असतात.

एकाच जिल्ह्यातील दोन प्रकारचे ऊन

घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. मातीचा माठ सौंदत्तीच्या कोरड्या वाऱ्यात पाणी जेवढे गार करतो, तेवढे कोकणातल्या दमट हवेत करू शकत नाही. माणसाच्या कातडीचेही तसेच आहे. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम आणि पूर्व टोकांना पाळावयाची पथ्ये यामुळेच भिन्न आहेत.

पूर्वेकडे, म्हणजे गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, अथणी या बाजूला हवा कोरडी असते. घाम येताक्षणी उडून जातो, कपडे कोरडेच राहतात आणि ‘मला फारसा घाम येत नाही’ असा भ्रम होतो. प्रत्यक्षात चढावर ताशी लिटरभर पाणी शरीरातून निघून गेलेले असू शकते. इथला मुख्य धोका पाणी आणि क्षार कमी होण्याचा आहे, आणि त्यात भर पडते ती उघड्या खडकाची. परसगडावर किंवा यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी चालणाऱ्या भाविकांच्या तळपायांना फोड येतात ते यामुळेच. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास नवसामुळे अनवाणी चालावयाचेच असेल, तर चढ सूर्योदयापूर्वी सुरू करून आठच्या आत उरकावा. मधुमेहाच्या रुग्णांनी, ज्यांच्या तळपायांना चटका लवकर जाणवत नाही, देवीची क्षमा मागून चपला घालाव्यात.

पश्चिमेकडे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि शेजारच्या चंदगड तालुक्यातील तिळारी भागात झाडी आहे, सावली आहे, तापमापकही तीन-चार अंश कमी दाखवतो. लोक तिकडे निश्चिंत असतात, आणि माझ्या मते तोच भाग चालणाऱ्यासाठी अधिक बेभरवशाचा आहे. हवेत समुद्राचा दमटपणा असल्याने घाम वाळत नाही, नुसता निथळतो. झाडीत वारा फिरत नाही. आणि शरीराचे तापमान चढत असताना वर ऊन नसल्याने कोणाला शंकाही येत नाही.

उतरून जाणारी आणि चढून येणारी वाट

राजहंसगड, काकती, वैजनाथ-महिपाळगड किंवा परसगड अशा डोंगरांवर कष्टाचा भाग आधी असतो. सकाळच्या गारव्यात दम लागला, तर माणूस अर्ध्यातून परत फिरतो आणि परतीला उतारच असतो. घाटमाथ्यावरून सुरू होणाऱ्या वाटांचे गणित याच्या नेमके उलटे आहे. कणकुंबी-चोर्ल्याकडून एखाद्या दरीत, धबधब्याच्या पायथ्याशी किंवा गोव्याच्या अंगाला उतरणारा माणूस सकाळी ताज्या अंगाने झपझप उतरतो, आणि दरीच्या तळाशी पोहोचल्यावर त्याला कळते की आता सगळा चढ समोर आहे, पाणी निम्मे संपले आहे आणि घड्याळात अकरा वाजले आहेत.

त्यात उतरताना हवा तापत जाते. दर १०० मीटर खाली गेल्यावर तापमान सरासरी अर्ध्या अंशाहून थोडे अधिक वाढते. सहाशे मीटर खाली उतरलेल्या माणसाला माथ्यापेक्षा जवळपास चार अंश जास्त उष्णता सोसावी लागते, आणि दरीतला दमटपणा वेगळाच. म्हणून अशा वाटांसाठी पुढील पथ्ये कटाक्षाने पाळावीत. उतरावयास जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ चढून येण्यासाठी धरावा. एकूण पाण्याचा एक तृतीयांश भाग संपला की, ठरलेले ठिकाण दिसत असले तरी, मागे फिरावे. तळाशी पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले असतील, तर दुपारी चढू नये. झऱ्याकाठी, दाट सावलीत चार वाजेपर्यंत थांबावे आणि ऊन कलल्यावर हळूहळू वर यावे. हा काही तासांचा मुक्काम अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु चैत्रात पायी यात्रेला जाणारी जुनी माणसे पहाटे चालतात, दुपारी आंबराईत पाठ टेकतात आणि दिवस कलताना पुन्हा निघतात. त्यांना हे कोणी शिकवावे लागलेले नाही. मात्र थांबण्याचा बेत निघतानाच ठरलेला असावा, म्हणजे त्या तासांपुरते पाणी, शिदोरी आणि सोबत विजेरी जवळ राहते.

चढाच्या दिशेचाही विचार करावा. डोंगराच्या पश्चिम अंगाला सकाळी बराच वेळ सावली असते, पूर्व अंग मात्र उगवतीपासून तापते. एकाच गडाला दोन्हीकडून वाटा असतील, तर सकाळी पश्चिमेच्या वाटेने चढावे. सड्यावरून आडवे जाताना वाट थोडी लांबली तरी झाडीच्या कडेने जावे.

साध्या गडासाठी माझा नियम एकच आहे : साडेपाचला पायथ्याशी, दहापर्यंत पुन्हा पायथ्याशी. वर किती वेळ मिळाला हे त्यातून उरेल ते. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते आणि उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने प्रवेशावर बंधने येऊ शकतात. ती अडवणूक न मानता आधी चौकशी करून मगच बेत ठरवावा. जांबोटीच्या पुढे अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही. कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता परतणार आणि त्या वेळेनंतर किती तासांनी शोध सुरू करावा, हे घरी लिहून ठेवावे.

पाणी, मीठ आणि त्यांचा हिशेब

उन्हाळ्यात चालताना दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते, आणि कडक चढावर लिटरपर्यंत. पाच तासांच्या चालीला प्रत्येकी साडेतीन ते चार लिटर पाणी सोबत असावे; ओझे वाटते, पण हे ओझे वाटेत हलके होत जाणारे आहे. पाणी एकदम न पिता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्यावे. साठ किलो वजनाच्या माणसाचे सव्वा लिटर पाणी कमी झाले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, तरी दम आणि विचारशक्ती दोन्ही घटू लागतात. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद झाला किंवा चार-पाच तास लघवीला लागलेच नाही, तर थांबून पाणी घ्यावे.

याच्या उलट टोकाची चूकही होते. घामावाटे मीठही जाते. अशा वेळी तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. डोके दुखणे, मळमळ, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात, आणि सोबती ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून त्यात भर घालतात. ज्याने भरपूर पाणी प्यायले आहे, ज्याची लघवी पाण्यासारखी स्वच्छ आहे आणि तरीही ज्याला मळमळते आहे, त्याला आणखी पाणी देऊ नये. खारट काहीतरी खायला द्यावे आणि बरळू लागल्यास रुग्णालय गाठावे. ताशी लिटरपेक्षा जास्त पाणी शरीराला सहसा पचवता येत नाही, ही मर्यादा लक्षात ठेवावी.

क्षारांसाठी औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीची पाकिटे सर्वांत खात्रीची; पाकिटावर एक लिटर लिहिले असेल तर पुरत्या एक लिटर पाण्यातच ते विरघळवावे, अर्ध्या बाटलीत नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे प्रमाण चालते. चमचा चहाचा घ्यावा. निघण्यापूर्वी मीठ घातलेले ताक, नाचणीची आंबील, वाटेत आमसुलाचे सरबत किंवा कैरीचे पन्हे उत्तमच. शिदोरीला भाकरीबरोबर लोणचे आणि शेंगदाण्याची चटणी असावी. आदल्या रात्री मद्यपान केलेल्याने सकाळी डोंगरावर येऊ नये, हे स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी गटप्रमुखाची आहे. कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत निरुपद्रवी आहे. मात्र त्या भरवशावर बाटली घरी ठेवू नये. कांदा भाकरीबरोबर खावा.

गडावरील टाक्यांवर विसंबून निघू नये. एप्रिलपर्यंत बहुतेक टाकी आटतात किंवा त्यांत हिरवट, साचलेले पाणी उरते. ते डोक्यावर ओतायला, पंचा भिजवायला चालेल. पिण्यासाठी मात्र आधी गाळावे, मग खळखळून उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. पश्चिमेकडे गवळीवाड्यांवर पाणी मागितल्यास कोणी नाही म्हणत नाही, परंतु तिथल्या बायकाही ते पाणी उन्हाळ्यात लांबून आणतात, याचे भान ठेवून मागावे. सौंदत्ती-रामदुर्ग भागात मराठीने काम भागेलच असे नाही, ‘नीरु एल्लिदे?’ म्हणजे पाणी कुठे आहे, आणि ‘बावी’ म्हणजे विहीर, एवढे कन्नड लहान मुलांनाही शिकवून ठेवावे.

कपडे सैल, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे असावेत. डोक्याला रुंद काठाची टोपी किंवा पटका. मानेवर ओला पंचा, आणि कोरड्या हवेत तो दर थोड्या वेळाने पुन्हा भिजवावा. कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या बुटांचे तळ उन्हात गोंद सुटून निघतात, तेव्हा जुने बूट आधी घराजवळ वापरून पाहावेत.

शरीराला उन्हाची सवय होण्यास सात ते चौदा दिवस लागतात. वर्षभर वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याने गावी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी गावकऱ्यांच्या चालीने चढू नये. ताप किंवा जुलाबातून नुकतेच उठलेले, रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, पूर्वी कधी उष्माघात झालेले, वृद्ध आणि लहान मुले यांच्यासाठी मर्यादा आणखी अलीकडे आणाव्यात. गटाचा वेग सर्वांत मंद माणसाने ठरवावा.

उन्हाबरोबर येणारे इतर धोके

उन्हाळ्यात डोंगराचा पृष्ठभागच बदलतो. वाळलेले गवत उतारावर गुळगुळीत होते, मुरूम सुटतो आणि पावसाळ्यात सहज उतरलेली सोंड मेमध्ये घसारा बनते. थकलेले पाय, घामाने चुरचुरणारे डोळे आणि घसारा एकत्र आले की पाय घसरतो, आणि हे घडते ते बहुधा उतरताना. अशा जागी बाजूने, गुडघे वाकवून, एकेक करून उतरावे, म्हणजे वरच्याच्या पायाने सुटलेला धोंडा खालच्याच्या डोक्यात बसत नाही.

वणव्याचा विचार आपल्याकडे फारच कमी होतो. फेब्रुवारीपासून गवत पेटण्याजोगे असते. त्यात भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यांसाठी, जमीन भाजण्याची कामेही याच दिवसांत चालतात आणि वारा सुटला की आग बांध ओलांडते. आग चढाच्या दिशेने वेगाने धावते, म्हणून आगीपुढे वर पळणे ही सर्वांत घातक प्रतिक्रिया आहे. आगीच्या बाजूला सरकून, आडवे जात, उघडा कातळ, नांगरलेले शेत, पाण्याची जागा किंवा आधीच जळून विझलेला पट्टा गाठावा. नायलॉनचे कपडे अंगाला चिकटतात, ते काढावेत; नाकातोंडावर ओला पंचा धरावा. डोंगरावर विडी-सिगारेट नको आणि चूलही नको. चहाची तल्लफ थर्मासने भागते.

आग्या माशांची पोळी कड्यांना आणि गडांच्या कमानींना लटकलेली असतात. धूर, उग्र अत्तर, दगड मारणे आणि आरडाओरड यांनी त्या उठतात. हल्ला झाल्यास उभे राहून हात झटकू नयेत. डोके-चेहरा कपड्याने झाकून जमेल तितक्या लांब, शक्य असल्यास दाट झुडपात किंवा बंद खोलीत जावे. पाण्यात उडी मारू नये, माशा वर घिरट्या घालत राहतात. काटे नखाने खरवडून लगेच काढावेत. श्वास लागणे, ओठ सुजणे किंवा अंगभर गांधी उठणे दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता दवाखाना गाठावा.

जांभ्याच्या सड्यावर फुरसे हे विषारी जनावर असते. दुपारी ते दगडाखाली, कपारीत सावली धरून बसते आणि संध्याकाळी बाहेर पडते. कपारीत न पाहता हात घालू नये, आणि ऊन टाळण्यासाठी पहाटे किंवा रात्री चालताना विजेरी आणि घोट्यावर येणारे बूट सक्तीचे मानावेत. दंश झाल्यास चिरा देणे, घट्ट आवळपट्टी बांधणे, मांत्रिक गाठणे यांत वेळ न दवडता, दंशाचा अवयव न हलवता, माणसाला उचलून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. पश्चिमेच्या जंगलात पाणवठ्यावर सकाळ-संध्याकाळी गवे आणि अस्वले येतात. झऱ्याकाठी विश्रांती दुपारी घ्यावी आणि दिवस मावळण्यापूर्वी तिथून उठावे.

याच जंगलांत गोचिडीमुळे होणारा माकडतापही आहे. हा रोग १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि अलीकडच्या वर्षांत तो दोडामार्ग-सत्तरीपर्यंत आढळला आहे. त्याचा हंगाम कोरडा, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे. डोंगरावरून आल्यावर तीन ते आठ दिवसांत अचानक कडक ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली, तर ‘ऊन लागले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना जंगलात गेल्याचे सांगावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे.

एप्रिल-मेमध्ये सकाळ असह्य उकाड्याची असेल, तर दुपारनंतर वळीव येण्याची शक्यता असते. पश्चिमेला किंवा आग्नेयेला ढगांचे मनोरे चढताना दिसले की धार आणि पठार सोडावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धोका जवळ आहे. एकट्या झाडाखाली, बुरुजावर, ध्वजस्तंभाजवळ थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास सखल जागीच राहावे. कोरड्या नाळेतून, म्हणजे डोंगरातील घळीतून, उतरत असाल तर बाहेर पडावे, कारण वर पडलेला पाऊस खाली येण्यास वेळ लागत नाही.

आणि तापलेल्या अंगाने राकसकोप, हिडकल किंवा नवीलतीर्थाच्या जलाशयात उडी मारू नये. उन्हाळ्यात पाणी मागे हटलेले असते, काठाचा गाळ पाय धरून ठेवतो, आणि तळ कुठे अचानक खोल जातो हे वरून समजत नाही.

त्रास ओळखणे आणि उपचार

पायांत गोळे येणे, चक्कर, मळमळ, थकवा, भरपूर घाम, डोके दुखणे ही सुरुवात आहे. या टप्प्यावर चाल थांबवावी, सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, अंग ओले करून वारा घालावा, जलसंजीवनी घोटघोट द्यावी. अर्ध्या तासात बरे वाटले तरी त्या दिवशीची चढाई संपली, असे समजून उतरावे.

उष्माघात याहून वेगळा आहे. त्यात शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. ‘अंग कोरडे पडले तरच उष्माघात’ ही पाठ्यपुस्तकी समजूत चालणाऱ्यांच्या बाबतीत खोटी ठरते. श्रमामुळे झालेल्या उष्माघातात अंग घामाने थबथबलेले असू शकते. खरी खूण वागण्यात दिसते. शांत माणूस चिडचिड करू लागतो, भलतेच बोलतो, झोकांड्या देतो, सावलीत बसायला नकार देतो. शंका येताच त्याला आज वार कोणता, गाडी कुठे लावली आहे, असे साधे प्रश्न विचारावेत आणि दहा पावले सरळ रेषेत चालायला सांगावे. जमले नाही, तर तो उष्माघातच मानून कामाला लागावे.

आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम लक्षात ठेवावा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. तोच अर्धा तास त्याला उन्हातून खांद्यावर वाहून नेण्यात गेला तर नुकसान होते. जाड कपडे आणि बूट काढावेत. ओढा, हौद किंवा डबके जवळ असेल तर डोके हाताने धरून मानेपर्यंत पाण्यात ठेवावे. डबके गढूळ असले तरी चालेल. तसे नसेल तर ताडपत्रीची झोळी करून त्यात माणसाला ठेवावे, सर्वांचे पाणी ओतावे आणि ते हलवत राहावे. तेवढेही पाणी नसेल तर मान, काखा आणि जांघांत ओले कपडे ठेवून ते सतत बदलावेत आणि अंगभर वारा घालावा. त्याच वेळी दुसऱ्याने रेंज असलेल्या उंचवट्यावर जाऊन ११२ किंवा १०८ वर कळवावे. गावाचे नाव, वाट, आणि वाहन कुठपर्यंत येऊ शकते हे तिन्ही सांगावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, त्याला कुशीवर वळवावे. तापाच्या गोळ्या देऊ नयेत. हा ताप तसल्या गोळ्यांनी उतरत नाही आणि यकृतावर ताण मात्र पडतो. माणूस नीट उत्तरे देऊ लागला किंवा त्याला थरथर सुटली की पाण्यातून बाहेर काढावे.

शुद्धीवर आलेला माणूस ‘मी ठीक आहे, घरी चला’ म्हणेल. तरीही त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि तिथे तो किती वेळ चालला, काय प्यायला, किती वाजता बरळू लागला, किती वेळ पाण्यात ठेवला हे सांगावे. त्यानंतर पुन्हा डोंगरावर केव्हा जावे, हे डॉक्टरांनी ठरवावे. नुसता थकवा आलेल्यानेही पुढचे दोन दिवस उन्हातले श्रम टाळावेत. आणि या दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, किंवा मांड्या-पोटऱ्या दुखून ताठरल्या, तर स्नायू झिजून त्याचा परिणाम मूत्रपिंडांवर होत असल्याची ती खूण असू शकते, म्हणून सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.